जिझिया आणि दिल्लीचा बाजार

जिझियाचा विषय निघाला, की आपल्याकडे दोनच सूर लागतात. एक आरोपाचा, दुसरा बचावाचा. ज्यांच्याकडून हा कर घेतला गेला, ती माणसे काय म्हणाली, हे दोन्हींत राहून जाते.

फिरोजशाह तुघलकाच्या (१३५१-१३८८) आधी ब्राह्मणांना जिझिया माफ होता. त्याने तो लावला तेव्हा दिल्लीचे ब्राह्मण महालासमोर उपोषणाला बसले, जाळून घेऊ म्हणाले. अखेर शहरातल्या इतर हिंदूंनी त्यांचा कर भरण्याची हमी घेतली आणि सुलतानाने दर कमी केला. अफीफ या त्या काळच्या इतिहासकारानेच हे लिहून ठेवले आहे.

अकबराने १५६४ साली रद्द केलेला जिझिया औरंगजेबाने १६७९ साली पुन्हा बसवला. सर्वांत खालच्या वर्गाला वर्षाला सुमारे सव्वातीन रुपये, म्हणजे शहरातल्या मजुराची जवळजवळ महिन्याची कमाई. खाफी खान सांगतो, दिल्लीचे हिंदू आधी किल्ल्याच्या झरोक्याखाली जमले, त्यांनी विनवणी केली. पुढे शुक्रवारी बादशहा नमाजाला निघाला तेव्हा किल्ल्यापासून जामा मशिदीपर्यंत सराफ, कापडवाले, उर्दू बाजारचे दुकानदार, कारागीर आणि मजूर यांनी रस्ता भरून गेला. जमावावर हत्ती-घोडे घातले गेले, कित्येक चिरडले गेले.

शिवाजी महाराजांच्या नावाने प्रसिद्ध असलेले फारसी पत्रही याच विरोधातले. त्यात अकबराचा दाखला आहे आणि कुराणाचाही: ईश्वर साऱ्या विश्वाचा पालनकर्ता आहे, एकट्या मुसलमानांचा नव्हे. विरोधकाने इस्लामला नव्हे, अन्यायाला विरोध केला होता.

'मुस्लिमही जकात देत होते', असे आमच्यात म्हटले जाते. खरे आहे. पण जकात देणारा तिला इबादत मानतो. जिझिया मात्र देणाऱ्याला त्याचे दुय्यम स्थान दरवर्षी दाखवून देत होता.

फर्रुखसियरने १७१३ साली जिझिया उठवला, तो पुन्हा लागला आणि मुहम्मदशाहच्या काळात १७२० साली रद्द झाला. लावणारे मुस्लिम बादशहा होते, तसे उठवणारेही. म्हणून औरंगजेबाचा हिशेब आजच्या मुस्लिमाने देण्याचे कारण नाही आणि त्याची वकिली करण्याचेही नाही. आम्हा शिक्षकांना वर्गात सांगायचे आहे ते एवढेच, की त्या शुक्रवारी रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसांचे म्हणणे न्यायाचे होते.