माशाला खाऊ कोण घालतं? तलावापासून काचेच्या टाकीपर्यंत

आजचा विषय ऐकून काहींना हसू येईल. घरातल्या गोल्डफिशला दिवसातून किती वेळा, किती खायला घालायचं, हा काय इतिहासाचा प्रश्न झाला? पण आपण भंडाऱ्याचे, तलावांच्या जिल्ह्यातले. आपल्याकडे या प्रश्नाला इतिहास आहे.

इथले जुने तलाव कोहळी समाजाने बांधले, गोंड राजांच्या काळापासून. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ च्या आपल्या ग्रंथात कोहळ्यांच्या या कसबाची नोंद केली आहे. तलाव बांधले ते धानासाठी आणि उसासाठी. मासे धरायचे ढिवरांनी, शिंगाडाही त्यांचाच. आता सांगा, त्या माशांना खायला कोण घालत होतं? कोणी नाही. उन्हाळ्यात पाणी आटायचं, उघड्या पडलेल्या गाळात गवत उगवायचं. पावसाळ्यात ते पाण्याखाली जाऊन कुजायचं, त्यावर बारीक जीव वाढायचे, ते मासा खायचा. माशाची घाण पुन्हा पाणवनस्पती घ्यायच्या. म्हणजे खाऊ घालणारं आणि साफ करणारं, दोन्ही पाणीच.

मग १९५० चा कायदा आला. आपण तेव्हा मध्य प्रदेशात होतो. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले. १९५७ मध्ये ओडिशात हिरालाल चौधरींनी इंजेक्शन देऊन माशांचं प्रजनन घडवलं. त्यातून पुढे रोहू, कटला, मृगळ यांचं बीज गावोगाव मिळू लागलं. बीज सोडायचं, कोंडा आणि ढेप टाकायची, ही नवी रीत. उत्पन्न वाढवायला ती उपयोगी आहेच. पण अनेक तलाव गाळाने भरले, बेशरम माजली, पाणवनस्पती गेल्या. त्यांच्याबरोबर स्थानिक मासे कमी झाले आणि ढिवराच्या घरची मिळकतही.

अर्जुनी मोरगाव भागात, जो १९९९ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होता, मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवरांना सोबत घेऊन काम केलं. त्यांनी सुरुवात कुठून केली? कोंड्याच्या पोत्यापासून नाही. बेशरम उपटली आणि हायड्रिलासारख्या वनस्पती परत लावल्या. आधी पाणी, मग मासा.

आता गोल्डफिश. हा रोहू-कटल्याच्याच कुळातला. चीनमध्ये सोंग राजवटीत (९६० ते १२७९) लोक सोनेरी-लाल मासे निवडून तळ्यात पाळू लागले. पुढे मिंग काळात ते मातीच्या कुंड्यांत, घरात आले. खरा बदल इथे झाला. तळ्यात मासा स्वतः चरत होता, कुंडीत सगळं माणसाच्या हातावर आलं. खाणंही आणि घाणही.

म्हणून 'किती घालायचं' याचं उत्तर माशाच्या तोंडाकडे बघून मिळत नाही. गोल्डफिशला आपल्यासारखं जठर नसतं, एकदम पोटभर खाऊन साठवणं त्याला जमत नाही. तुम्ही काचेजवळ गेलात की तो वर येतो, कारण खाऊ कोण देतं हे तो शिकलेला असतो. ती दर वेळी भूक नसते. मोठ्या माशाला दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच दाणे पुरेत. उरलेले जाळीने काढा. दोन-तीन दिवस गावाला गेलात तर निरोगी मोठा मासा उपाशी मरत नाही. शेजाऱ्याने प्रेमाने मूठभर मुरमुरे टाकले तर मात्र मरू शकतो.

कारण साधं आहे. उरलेला खाऊ कुजतो, मासा जास्त खाऊन जास्त घाण करतो, पाण्यात अमोनिया वाढतो. तो पचवणारे जीवाणू नव्या टाकीत तयार व्हायला काही आठवडे लागतात. तोवर खाणं आणखी कमी ठेवा आणि थोडं थोडं पाणी बदलत राहा. आपल्या मे महिन्यात तर दुहेरी अडचण. कोमट पाण्यात प्राणवायू कमी मावतो आणि हा थंड पाण्याचा मासा. तेव्हा हात आखडता घ्या.

तलावात जे काम गाळ, गवत आणि पाऊस मिळून करत होते, ते तुमच्या टाकीत करायला तुमच्याशिवाय कोणी नाही. तेव्हा दाणे टाकण्याआधी एकदा पाण्याकडे बघा. गढूळ दिसलं, वास आला, तर त्या दिवशी डबा उघडायचाच नाही, आधी पाणी बदलायचं.