विधवा आईच्या शिक्षणाचा खर्च कोणी उचलला? पंडिता रमाबाईंपासून सोलापूरच्या सेवासदनापर्यंत

१/
शिक्षणाचा खर्च म्हणजे शुल्क, असे आपण सहज म्हणतो. पदरी मूल असलेल्या एकट्या आईच्या बाबतीत हा हिशेब अपुरा पडतो. तिला शुल्क हवे, स्वतःची भाकर हवी आणि ती वर्गात असताना मूल सांभाळणारे कोणीतरी हवे. महाराष्ट्रात या तिन्ही खर्चांची सोय कोणी व कोणत्या अटींवर केली, त्याचा हा धागा.

२/
प्रारंभ १८८२ पासून. त्या वर्षी फेब्रुवारीत बिपिनबिहारी मेधावी यांचे पटकीने निधन झाले. मागे राहिल्या तेवीस वर्षांच्या रमाबाई आणि वर्षाचीही न झालेली मुलगी मनोरमा. आईवडील आणि मोठी बहीण दुष्काळाच्या काळात गेली होती, भाऊही हयात नव्हता. परतून जावे असे माहेर उरले नव्हते, आणि आंतरजातीय विवाहामुळे सासरचा आधारही नव्हता.

३/
रमाबाई पुण्यात आल्या, आर्य महिला समाजाची स्थापना केली, हंटर आयोगापुढे साक्ष दिली. स्त्रियांना स्त्री डॉक्टर आणि स्त्री शिक्षिका हव्यात, हे त्यांचे म्हणणे होते. त्यांना स्वतःलाही वैद्यक शिकायचे होते. संस्कृत विदुषी म्हणून कीर्ती मोठी होती. पण त्या कीर्तीने बोटीचे भाडे भरता येत नव्हते.

४/
म्हणून त्यांनी पुस्तक लिहिले. १८८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्त्रीधर्मनीति’च्या विक्रीतून प्रवासखर्च उभा राहिला. १८८३च्या वसंतात त्या दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला निघाल्या. एका मराठी एकल मातेने आपल्या उच्च शिक्षणासाठी उभारलेला पहिला निधी हा असा लेखणीतून आला.

५/
इंग्लंडमध्ये राहण्याजेवण्याचे काय? वाँटेज येथील ‘सेंट मेरी द व्हर्जिन’ या अँग्लिकन भगिनीसंघाने आश्रय दिला. या संघाचे काम पुण्यातही होते. रमाबाईंनी फुकट राहणे पत्करले नाही. भारतात कामाला येऊ इच्छिणाऱ्या भगिनींना त्या मराठी शिकवणार आणि त्याबदल्यात निवास व शिक्षण मिळणार, असे ठरले.

६/
१८८४ पासून त्या चेल्टनहॅम लेडीज कॉलेजात शिकू लागल्या आणि तेथेच संस्कृत शिकवू लागल्या. प्राचार्या डोरोथिया बील यांचा त्यांना भक्कम पाठिंबा होता. ऐकू कमी येत असल्याने वैद्यकाचा मार्ग मात्र बंद झाला होता. मनोरमा या काळात वाँटेजच्या भगिनींकडे राहिली. तिन्ही खर्चांची सोय झाली: शुल्क, भाकर आणि मुलीचा सांभाळ.

७/
पण जो खर्च उचलतो, तो अटीही घालतो. सप्टेंबर १८८३ मध्ये मायलेकींचा बाप्तिस्मा झाला होता. त्यानंतर मनोरमेला कोणते धर्मशिक्षण द्यायचे, यावरून रमाबाई आणि भगिनीसंघ यांच्यात मतभेद झाले. त्या पत्रव्यवहारात रमाबाईंचे म्हणणे स्पष्ट दिसते: आश्रय घेतला म्हणजे विवेक गहाण ठेवला असे नव्हे, आणि मुलीबाबतचा निर्णय आईचाच.

८/
दुसरी अट कमाईवर आली. पुरुष विद्यार्थ्यांना भारतीय भाषा शिकवून रमाबाईंना काही मिळकत होऊ शकली असती. त्यांनी पुरुषांना शिकवू नये, असा आक्षेप भारतातील बिशपांनी घेतला. स्वावलंबी व्हायला निघालेल्या स्त्रीला मदत देणाऱ्यांकडूनच स्वावलंबनाची एक वाट अडवली गेली.

९/
१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई फिलाडेल्फियाला गेल्या आणि अमेरिकेतच राहिल्या. १८८७ मध्ये त्यांचे ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ प्रसिद्ध झाले. हजारो प्रती खपल्या. त्याच वर्षाअखेर बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाले आणि विधवांच्या शाळेसाठी दहा वर्षांच्या मदतीची हमी मिळाली.

१०/
‘दहा वर्षे’ हा तपशील लक्षात ठेवण्याजोगा आहे. एका वेळची देणगी मुलीला शाळेत आणते. शिक्षण पुरे होईपर्यंत तिला तेथे टिकवते ती दरवर्षी येणारी रक्कम. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदासदन सुरू झाले, पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. तेथे विधवांना राहणे, जेवण आणि शिक्षण एकत्र मिळे.

११/
येथेही अटींचा प्रश्न आला, मात्र दुसऱ्या बाजूने. सदनात धर्मांतर घडवले जाणार नाही, या विश्वासावर रानडे, भांडारकर आदी सुधारक सल्लागार मंडळात होते. काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या तेव्हा वादळ उठले. १८९३ मध्ये सल्लागारांनी संबंध तोडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. मोठ्यांच्या वादात कित्येक विधवांचे शिक्षण अर्ध्यावर थांबले.

१२/
शारदासदनाच्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक होती देवरुखची बालविधवा गोदूबाई जोशी. ११ मार्च १८९३ रोजी तिचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला आणि ती आनंदीबाई, म्हणजेच बाया कर्वे झाली. गोदूबाईला मूल नव्हते. तिच्या बहिणीची गोष्ट मात्र वेगळी होती.

१३/
ती बहीण म्हणजे पार्वतीबाई आठवले. जन्म १८७०चा. विसाव्या वर्षी वैधव्य, पदरी एक मुलगा. कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रमाची संस्था काढली आणि १९०० मध्ये आश्रम पुण्याजवळ हिंगण्यास गेला. पंचविशी ओलांडलेल्या, मुलाची आई असलेल्या पार्वतीबाई याच काळात शिकू लागल्या आणि पुढे त्याच आश्रमाचा आधारस्तंभ झाल्या.

१४/
हिंगण्याच्या पैशाला परदेशी हमी नव्हती. कर्वे दारोदार, गावोगाव फिरून वर्गणी जमवत. ही वर्गणी टिकावी म्हणून त्यांनी एक किंमत मोजली. स्वतः पुनर्विवाह केलेल्या कर्व्यांनी आश्रमाला पुनर्विवाहाच्या चळवळीपासून काटेकोरपणे वेगळे ठेवले. देणगीदार बिथरला तर मुलींचे शिक्षण थांबेल, हे शारदासदनाच्या उदाहरणाने दाखवून दिले होते.

१५/
पार्वतीबाईही आश्रमासाठी निधी गोळा करत देशभर हिंडल्या. १९१८ मध्ये त्या अमेरिकेस गेल्या. इंग्रजी शिकायचे होते आणि संस्थेसाठी पैसाही उभा करायचा होता. तेथे त्यांनी घरकामाची नोकरी केली. वय अठ्ठेचाळीसच्या घरात, हाती परक्या घरची भांडी आणि मनात अभ्यास. ‘माझी कहाणी’ या त्यांच्या आत्मचरित्रात हा प्रवास आहे.

१६/
तिसरा प्रयोग २ ऑक्टोबर १९०९ रोजी सुरू झालेल्या पुण्याच्या सेवासदनाचा. अध्यक्षा रमाबाई रानडे, चिटणीस गोपाळ कृष्ण देवधर. शिक्षिका आणि परिचारिका घडवणे हा त्याचा गाभा. ससून रुग्णालयाशी जोडून परिचर्येचे शिक्षण, राहायला वसतिगृह आणि प्रौढ स्त्रियांसाठी दुपारचे वर्ग. सकाळचा स्वयंपाक आटोपून संध्याकाळचा सुरू होण्याआधी जो वेळ हाती उरे, त्या वेळात शाळा बसवली होती.

१७/
याच सेवासदनाची शाखा पुढे सोलापुरात आली. हे शहर पुण्यापेक्षा वेगळे होते. १८७७ मध्ये येथे ‘जुनी गिरणी’ सुरू झाली आणि सोलापूर कामगारांचे शहर झाले. पेन्शनरांच्या पुण्यात विधवेपुढचा प्रश्न बहुधा ‘घराबाहेर पडू देतील का?’ असा असे. सोलापूरच्या कामगार वस्तीत तो ‘आजची मजुरी बुडाली तर चूल कशी पेटेल?’ असा होता.

१८/
गिरण्यांच्या बरोबरीने विडीचा धंदा वाढला. हजारो बायका घरी पाने आणून विड्या वळू लागल्या. मजुरी हजार विड्यांमागे मोजली जाई, आजही तशीच मोजतात. अशा आईने पूर्णवेळ कॉलेजात जायचे म्हणजे शुल्कमाफी मिळूनही रोजची मजुरी सोडायची. शिक्षणाचा हा चौथा खर्च कोणत्याही पावतीवर दिसत नाही.

१९/
१९७६ च्या विडी कामगार कल्याण निधी कायद्याने या कुटुंबांसाठी निधी उभा केला. त्यातून विडी कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्ती मिळते, आणि तिच्या बळावर पुष्कळ मुले शिकली. पण त्या शिष्यवृत्तीच्या रचनेत शिकणारे ते मूल, आणि आई ही राबणारी. आईच विद्यार्थिनी असू शकते, ही रमाबाईंच्या वेळची कल्पना तेथे दिसत नाही.

२०/
आजच्या राज्य योजनांचा सांगाडाही असाच आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत विधवेला दरमहा १५०० रुपये. त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत हवे. सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत एक पालक गमावलेल्या मुलालाही दरमहा २२५० रुपये मिळू शकतात. मुलींच्या व्यावसायिक उच्च शिक्षणासाठी २०२४ पासून मोठी शुल्कमाफी आहे.

२१/
प्रत्येक योजना आपापल्या जागी मोलाची आहे. फक्त एक पैसा ‘निराधार’ स्त्रीला, दुसरा ‘मुलाला’, तिसरा ‘विद्यार्थिनीला’ अशी वाटणी आहे. एकच स्त्री या तिन्ही नात्यांनी एकाच वेळी उभी असते तेव्हा तिला तीन खिडक्यांवर तीन अर्ज करावे लागतात. शारदासदन आणि सेवासदन यांचे वैशिष्ट्य हे की निवास, जेवण आणि शिक्षण यांसाठी दार एकच होते.

२२/
एक तुलना बोलकी आहे. ज्या इंग्लंडमध्ये रमाबाईंनी मराठी शिकवून आपली भाकर कमावली, तेथे आज पूर्णवेळ पदवी शिक्षण घेणाऱ्या गरजू पालकांना मुलांच्या सांभाळखर्चासाठी वेगळे सरकारी अनुदान असते. पुस्तकांसारख्या खर्चासाठी आणखी एक भत्ता असतो. १८८४ मध्ये जे भगिनीसंघाच्या मर्जीवर होते, ते आता अर्ज करून मागता येते.

२३/
दया आणि हक्क यांतला फरक येथेच आहे. दयेने मनोरमा सांभाळली गेली, पण तिने कोणती प्रार्थना म्हणावी हेही दया ठरवू पाहत होती. हक्काच्या पैशाला असा प्रश्न विचारता येत नाही. रमाबाईंच्या पत्रांतला झगडा धर्माचा दिसतो. त्याच्या मुळाशी, मदत घेणारी स्त्री स्वतंत्र राहू शकते का, हा प्रश्न आहे.

२४/
आणि या खर्चाचे फलित? वाँटेजला वाढलेली मनोरमा पदवीधर झाली आणि आईच्या शाळेच्या कामाला लागली. पुणे–सोलापूर लोहमार्गावरील केडगाव हे रमाबाईंच्या मुक्ती मिशनचे ठिकाण. तोच मार्ग सोलापूर ओलांडून गुलबर्ग्यास जातो. १९१२-१३च्या सुमारास तेथे रमाबाईंनी काढलेल्या शाळेची जबाबदारी मनोरमाबाईंकडे होती. एका आईला शिकता आले, त्यातून दोन पिढ्यांच्या शाळा उभ्या राहिल्या.

(धागा समाप्त)