घट्टपणा आणि कठीणपणा : मुळांना होणाऱ्या मातीच्या विरोधाच्या अभ्यासाचा इतिहास

पिकाचा शेंडा सर्वांच्या दृष्टीस पडतो. त्याचे मूळ किती खोल गेले हे मात्र मातीआड राहते. मुळाला माती भेदून पुढे जावे लागते व माती त्यास विरोध करते, ही गोष्ट कृषिवलांना पुरातन काळापासून ठाऊक आहे. परंतु हा विरोध नेमका कशातून उत्पन्न होतो, मातीचे कण दाटून बसल्यामुळे, ओल आटल्यामुळे की मुळांना हवा न मिळाल्यामुळे, या प्रश्नाचा उलगडा होण्यास दोनशेहून अधिक वर्षे लागली. या विलंबाचे मुख्य कारण असे की, मातीचा घट्टपणा व तिचा कठीणपणा हे दोन भिन्न गुण असूनही ते दीर्घकाळ एकच मानले गेले.

आधुनिक काळात या विषयाचा आरंभ इंग्लंडमधील जेथ्रो टल याच्यापासून मानता येतो. १७३१ साली त्याचा अश्वचलित कोळपणीवरील ग्रंथ प्रकाशित झाला. वनस्पती मातीचे सूक्ष्म कणच अन्न म्हणून ग्रहण करतात, सबब माती जितकी बारीक करावी तितके पीक पुष्ट होते, असे त्याचे मत होते. ही उपपत्ती पुढे चुकीची ठरली. तथापि माती भुसभुशीत केल्याने मुळे सहज पसरतात हे त्याचे निरीक्षण टिकून राहिले. कार्य बरोबर, कारण चुकीचे, असा हा प्रकार होता.

मूळ स्वतः किती जोर लावू शकते, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुढे आला. चार्ल्स डार्विन व त्याचा पुत्र फ्रान्सिस यांनी १८८० साली प्रसिद्ध केलेल्या वनस्पतींच्या हालचालींवरील ग्रंथात अंकुरमुळाच्या बलाचा विचार केलेला आहे. परंतु काटेकोर मापन केले ते लाइपझिग येथील विल्हेल्म पेफर याने, १८९३ साली. त्याने मुळाभोवती जिप्समचा लेप ओतून ते जखडले, टोकाकडील जिप्समचा भाग सुटा ठेवला आणि वाढणारे मूळ त्या भागाला किती जोराने ढकलते हे स्प्रिंगच्या साहाय्याने मोजले. हा दाब सर्वसाधारणपणे दहा वायुभारांच्या आसपास भरतो असे आढळले. हे बल मुळाच्या पेशींतील रसाच्या दाबातून येते. ते मर्यादित असल्यामुळे मातीचा विरोध या मर्यादेपलीकडे गेला की मूळ थबकणार, हे त्यावरून उघड झाले.

मातीच्या बाजूने पाहणारा महत्त्वाचा अभ्यास शेतीच्या क्षेत्रात नव्हे, तर धरणांच्या बांधकामात झाला. लॉस एंजेलिसच्या पाणीपुरवठा खात्यातील अभियंता राल्फ प्रॉक्टर याने १९३३ साली असे दाखवून दिले की, ठरावीक जोराने ठोकलेली माती किती घट्ट बसेल हे तिच्यातील ओलीवर अवलंबून असते. कोरडी माती नीट दबत नाही. ओल वाढेल तसे कण एकमेकांवरून सरकून दाटीने बसतात. आणि एका विशिष्ट मर्यादेनंतर पाणीच छिद्रे व्यापून अधिक दबण्यास अडथळा करते. धरण बांधणाऱ्यास ज्या ओलीत माती सर्वांत घट्ट करता येते, त्याच ओलीच्या जवळपास शेतातील मातीही चाकाखाली व खुराखाली सर्वाधिक दबते. अभियंत्याचा गुण तो शेतकऱ्याचा दोष ठरला.

कृषिशास्त्रज्ञांनी घट्टपणाची मर्यादा शोधण्याचा प्रयत्न केला तो यानंतर. कॅलिफोर्नियातील व्हीमायर व हेंड्रिक्सन यांनी १९४८ साली सूर्यफुलावरील प्रयोगांचे निष्कर्ष मांडले. ज्या मातीची स्थूल घनता दर घन सेंटिमीटरला १.९ ग्रॅम वा अधिक होती, तीत मुळे शिरली नाहीत. चिकण मातीत ही मर्यादा याहून बरीच खाली होती. म्हणजे सर्व मातींना लागू पडेल असा घनतेचा एकच आकडा नव्हता. १९५७ साली हॉलंडमधील वीरसम याने असे दाखविले की, छिद्र ताठर असेल तर मूळ स्वतःस आकसून त्याच्या टोकापेक्षा अरुंद छिद्रात शिरू शकत नाही. छिद्राची भिंत हटली पाहिजे. ती हटते की नाही, हा प्रश्न अर्थातच घनतेचा नसून बलाचा होता.

या गुंत्याचा निर्णायक उलगडा १९६३ साली टेक्ससमधील बुशलँड येथील संशोधन केंद्रात झाला. हॉवर्ड टेलर व हर्बर्ट गार्डनर यांनी बारीक वाळूमिश्रित पोयट्याची माती निरनिराळ्या प्रमाणात दाबली, प्रत्येक घनतेच्या मातीत निरनिराळी ओल राखली, आणि तिच्यात कापसाच्या रोपांची सोटमुळे शिरतात का हे पाहिले. घनता व ओल हे दोन घटक अशा रीतीने एकमेकांपासून वेगळे काढता आले. घनता तीच असूनही ओल असताना मूळ उतरले, ओल कमी होताच अडले. भेदनमापकाने मोजलेला मातीचा विरोध व मुळांचे भेदन यांचा सहसंबंध उणे ०.९६ इतका निकट आढळला. विरोध सुमारे ३० बार झाल्यावर एकही मूळ शिरले नाही. टेलर व रॅटलिफ यांनी १९६९ साली यास पुष्टी दिली. त्यांच्या प्रयोगांत सुमारे ७ बार विरोधाला कापसाच्या मुळांची वाढ निम्म्यावर आली, तर भुईमुगाची निम्म्यावर येण्यास सुमारे १९ बार लागले. ओलीचा मुळांच्या वाढीवर होणारा परिणाम मुख्यतः मातीच्या बलामार्फतच दिसून आला.

येथे एक शंका उद्भवते. मुळाचे बल दहा वायुभारांच्या आसपास असताना, भेदनमापकावर त्याच्या दुपटीहून अधिक विरोध दाखविणाऱ्या मातीत ते शिरते कसे? याचे उत्तर असे की, मापकाची सुई ताठ असते व तिच्या धातूचे मातीशी घर्षण होते. मूळ मात्र वळते, मऊ वाट धुंडाळते, टोकावरील पेशी झडू देऊन व चिकट स्राव सोडून घर्षण कमी करते. १९८३ साली गटिंगेन येथील एलर्स व सहकाऱ्यांनी ओटच्या पिकात पाहिले की, नांगरलेल्या थरात मुळे सुमारे ३.६ मेगापास्कल म्हणजे ३६ बार विरोधाला थांबली, परंतु न नांगरलेल्या मातीत ती सुमारे ५० बारपर्यंत वाढत राहिली. कारण तेथे गांडुळांची व जुन्या मुळांची बिळे अभंग होती.

अलीकडे या इतिहासाला आणखी एक वळण मिळाले आहे. नॉटिंगहॅम विद्यापीठातील बिपिन पांडे, माल्कम बेनेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली असे दाखविले की, दाबलेल्या मातीत मुळाने सोडलेला इथिलीन वायू बाहेर पसरू शकत नाही. तो मुळाशीच साचतो व वाढ थांबविण्याची सूचना देतो. इथिलीनची जाणीव नसलेली भाताची रोपे दाबलेल्या मातीत अधिक खोल गेली. म्हणजे मूळ केवळ हतबल होऊन थांबत नाही; काही अंशी ते स्वतःच थांबते.

या सर्व विवेचनातून एक व्यावहारिक तात्पर्य निघते. माती दबते ती ओली असताना. तिचा जाच मुळांना होतो ती सुकल्यावर. अपराध व शिक्षा यांत कित्येक आठवड्यांचे अंतर पडल्यामुळे त्यांचा संबंध सहज लक्षात येत नाही. महाराष्ट्राच्या काळ्या जमिनीत हे विशेष जाणवते. पावसाळ्यात ती फुगून चिखल होते, उन्हाळ्यात भेगाळून दगडासारखी होते. या दोन टोकांमधील अल्प अवधीला मराठी शेतकरी ‘वाफसा’ म्हणतो. वाफसा आल्याखेरीज औत घालू नये, या त्याच्या नियमात ओल, हवा व मातीचे बल या तिहींचा मेळ सामावला आहे. बैलांच्या औताने हा नियम मोडल्यास नुकसान बहुतांशी वरच्या थरापुरते राही व पुढील नांगरटीत भरून निघे. जड ट्रॅक्टरने व कापणीयंत्राने तो मोडल्यास दाब नांगराच्या फाळाखालील थरापर्यंत पोहोचतो आणि तेथील घट्टपणा वर्षानुवर्षे टिकतो. यंत्राचा भार वाढला तसे वाफशाची वाट पाहण्याचे मोलही वाढले आहे.