तळटीप १४ : कुरवांच्या घरट्यातली जादा अंडी

१४. ‘दोन माद्यांचे घरटे’ : कॅलिफोर्नियाजवळच्या सांता बार्बरा बेटावर १९७०च्या दशकात कुरव पक्ष्यांच्या काही घरट्यांत नेहमीच्या तिनांऐवजी पाच-सहा अंडी दिसू लागली. नर कमी पडल्याने दोन-दोन माद्या मिळून घरटे मांडत होत्या. याचे कारण शोधताना मायकेल फ्राय व सहकाऱ्यांनी कुरवांच्या अंड्यांत डीडीटी हे कीटकनाशक टोचून पाहिले. नर भ्रूणांत अंडाशयाच्या ऊती वाढलेल्या आढळल्या (१९८१). डीडीटीतला एक घटक शरीराला इस्ट्रोजेनसारखा भासतो. पक्षी मेलेले सापडत नाहीत, म्हणून फवारणी निर्धोक, हा मूळ लेखकाचा निष्कर्ष म्हणूनच स्वीकारता येत नाही. पातळ कवचाची अंडी मात्र डीडीटीच्या विघटनातून बनणाऱ्या डीडीईमुळे. तिथे कवचग्रंथीतून कवचाला होणारा कॅल्शियमचा पुरवठा खुंटतो.