भूतान आणि मालदीव : जीवनमानाचे दोन हिशेब

दक्षिण आशियातील देशांची तुलना होते तेव्हा चर्चा बहुधा मोठ्या देशांभोवतीच फिरते. सार्क संघटनेतील सर्वांत कमी लोकसंख्येचे दोन सदस्य, भूतान आणि मालदीव, एकतर पर्यटनाच्या पुरवण्यांत भेटतात किंवा परराष्ट्र धोरणाच्या बातम्यांत. तेथील माणूस कसा जगतो, हा प्रश्न मात्र मागे पडतो. भूतानची लोकसंख्या आठ लाखांच्या आत आहे. मालदीवची २०२२ च्या जनगणनेनुसार सव्वापाच लाखांहून थोडी कमी. दोन्ही देशांत लोकशाही आली तीही एकाच वर्षी. २००८ च्या मार्चमध्ये भूतानमध्ये राजाच्याच पुढाकाराने संसदेच्या कनिष्ठ सभागृहाची पहिली निवडणूक झाली, तर ऑक्टोबरमध्ये मालदीवच्या मतदारांनी मामून अब्दुल गयूम यांची तीस वर्षांची राजवट मतपेटीतून संपवली.

संयुक्त राष्ट्रांच्या मानव विकास निर्देशांकाचा कौल स्पष्टपणे मालदीवच्या बाजूने आहे. २०२५ च्या अहवालात मालदीव ९३ व्या, तर भूतान १२५ व्या क्रमांकावर होता (भारत १३० व्या). मालदीवचे सरासरी आयुर्मान ८१ वर्षांच्या घरात, भूतानचे ७३ च्या आसपास. दरडोई उत्पन्नही सुमारे तिप्पट. १९७२ मध्ये एका बेटावर सुरू झालेल्या पर्यटनव्यवसायाची ही किमया. २०२४ मध्ये या देशात वीस लाखांहून अधिक पर्यटक आले, म्हणजे लोकसंख्येच्या जवळजवळ चौपट.

परंतु हा पैसा ज्या माणसांपर्यंत पोहोचतो ती राहतात कोठे? सुमारे बाराशे बेटांपैकी दोनशेहूनही कमी बेटांवर वस्ती आहे, आणि देशातील दर दहा माणसांमागे चार राजधानीच्या परिसरात एकवटली आहेत. मूळ माले बेट जेमतेम दोन चौरस किलोमीटरचे. उच्च शिक्षण, मोठे रुग्णालय आणि बरी नोकरी यांसाठी दूरच्या बेटांवरील कुटुंबांना येथेच यावे लागते आणि मिळकतीचा मोठा वाटा भाड्यात जातो. पिण्याचे पाणीदेखील समुद्राचे खारे पाणी गोडे करून मिळते. डिसेंबर २०१४ मध्ये निःक्षारीकरण प्रकल्पाला आग लागली तेव्हा भारताने विमानांनी आणि नौदलाच्या जहाजांनी मालेला पाणी पोहोचवले. देशातील रहिवाशांपैकी सुमारे एक चतुर्थांश परदेशी आहेत, त्यांत बांगलादेशी आणि भारतीय कामगार मोठ्या संख्येने. नोव्हेंबर २०२२ मध्ये मालेत अशा कामगारांच्या दाटीवाटीच्या निवासस्थानाला लागलेल्या आगीत दहा जण मृत्युमुखी पडले. त्यांत बहुतेक भारतीय होते. सरासरीच्या आकड्यात ही खोली दिसत नाही.

भूतानने सरासरीवर विसंबायचेच नाकारले. चौथे राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांनी १९७० च्या दशकात मांडलेली ‘सकल राष्ट्रीय आनंद’ ही कल्पना पुष्कळांना काव्यात्मक घोषणा वाटते. प्रत्यक्षात तिच्यामागे चांगलेच काटेकोर गणित आहे. नऊ क्षेत्रे, ३३ निकष आणि घरोघरी जाऊन घेतलेल्या प्रदीर्घ मुलाखती. माणूस किती तास झोपतो, किती तास राबतो, शेजाऱ्यावर त्याचा विश्वास आहे का, हेही विचारले जाते. २०१० मध्ये ०.७४३ असलेला हा निर्देशांक २०२२ मध्ये ०.७८१ झाला. उपचार आणि शालेय शिक्षण मोफत आहे. येथे न होणाऱ्या उपचारांसाठी रुग्णांना सरकारी खर्चाने भारतात पाठवले जाते. किमान ६० टक्के भूभाग वनाच्छादित ठेवण्याचे बंधन राज्यघटनेतच आहे आणि प्रत्यक्षातील प्रमाण त्याहूनही अधिक आहे.

आणि तरीही तरुण देश सोडून जात आहेत. आनंद वाढल्याची नोंद झाली त्याच २०२२ मध्ये तरुणांमधील बेरोजगारी २९ टक्क्यांच्या जवळ पोहोचली होती. शिक्षक, परिचारिका, सरकारी कर्मचारी ऑस्ट्रेलियाची वाट धरत आहेत. जलविद्युत भारताला विकून महसूल मिळतो, पण धरण बांधून झाल्यावर त्यावर फारशा नोकऱ्या उरत नाहीत. याहून जुनी आणि गंभीर बाब म्हणजे १९९० च्या दशकात देशाबाहेर पडावे लागलेले सुमारे एक लाख नेपाळीभाषक ल्होत्शाम्पा. त्यांची वर्षे पूर्व नेपाळच्या छावण्यांत गेली आणि २००७ नंतर बहुतेकांचे पुनर्वसन अमेरिकेसह अन्य देशांत झाले. जे देशात उरलेच नाहीत, त्यांचा आनंद कोणत्याही सर्वेक्षणात मोजला जात नाही.

दोन्ही देशांवरील सार्वजनिक कर्ज त्यांच्या वार्षिक राष्ट्रीय उत्पन्नापेक्षा अधिक आहे. दोघेही आता नव्या शहरावर भिस्त ठेवून आहेत. मालदीवने १९९७ पासून समुद्रात भराव घालून हुलहुमाले उभारले. त्याची जमीन मालेपेक्षा उंच ठेवली आहे आणि २०१८ पासून ते पुलाने राजधानीशी जोडलेले आहे. भूतानच्या राजांनी डिसेंबर २०२३ मध्ये आसामच्या सीमेलगत गेलेफू येथे नवे शहर वसवण्याची घोषणा केली. परदेशी गेलेल्यांनी परतावे, हा त्यामागील एक प्रमुख हेतू आहे.