झाडावरचे घर मुलांचे केव्हा झाले?

#थ्रेड

इ. स. १८३२च्या ऑक्टोबर महिन्यात इंग्लंडमधील श्रॉपशायर परगण्यातल्या पिचफर्ड हॉल या वाड्यात तेरा वर्षांची एक राजकन्या पाहुणी म्हणून उतरली होती. वाड्याच्या आवारात एका प्रचंड लिंडन वृक्षावर लाकडी चौकटीचे, टुमदार छपराचे एक लहानसे घर होते. जिना चढून ती त्या घरात गेली आणि तेथून तिने खाली चाललेली शिकारीची धावपळ पाहिली. रोजनिशी लिहिण्याचा परिपाठ तिने त्याच वर्षी सुरू केला होता, म्हणून ही भेट नोंदली गेली. पुढे पाच वर्षांनी हीच मुलगी व्हिक्टोरिया राणी म्हणून गादीवर आली.

(लिंडनला इंग्रज ‘लाइम’ म्हणतात. त्यामुळे काही मराठी लेखांत हे घर चक्क लिंबाच्या झाडावर चढलेले दिसले तर नवल नाही. त्या वृक्षाचा लिंबाशी काही संबंध नाही.)

पिचफर्डचे हे घर सतराव्या शतकातले. जगात आज उभ्या असलेल्या सर्वांत जुन्या वृक्षगृहांत त्याची गणना होते. अठराव्या शतकात त्याच्या आतल्या भिंतींवर गॉथिक धर्तीचे गिलाव्याचे नाजूक काम करण्यात आले. असा गिलावा कोणी पोरांनी चिखलाचे पाय घेऊन नाचावे म्हणून करवून घेत नाही. तेरा वर्षांची व्हिक्टोरिया तेथे चढली खरी, पण ती जागा मोठ्यांची होती.

आज ‘ट्री हाउस’ म्हटले की डोळ्यांसमोर परसातले झाड, चार फळ्या, दोराची शिडी आणि ‘मोठ्यांना प्रवेश नाही’ अशी वाकड्या अक्षरांतली पाटी येते. हे चित्र सनातन वाटते. प्रत्यक्षात ते फार अलीकडचे आहे.

प्राचीन काळापासून सुरुवात करू. रोमन लेखक थोरला प्लिनी आपल्या निसर्गविषयक ग्रंथाच्या बाराव्या खंडात चिनार कुळातील वृक्षांची माहिती देताना सम्राट कॅलिग्युलाचा किस्सा सांगतो. वेलिट्राय येथील एका वृक्षाच्या फांद्यांवर तक्तपोशी आणि बाके बसवलेली होती. पंधरा पाहुणे आणि त्यांचे सेवक मावतील एवढी ती जागा पाहून खूश झालेल्या सम्राटाने तेथेच मेजवानी झोडली आणि त्या जागेला ‘घरटे’ असे नाव दिले. सम्राटाच्या स्थूल देहाचीही त्या सावलीत बरीच भर पडली, असा चिमटा प्लिनीने जाता जाता काढला आहे. अर्थात सम्राट मेल्यावर.

सोळाव्या शतकात फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याने हाच शौक पुन्हा जागवला. त्यांच्या उद्यानांत वृक्षांवर बैठका होत्या आणि पाहुण्यांना चकित करण्यासाठी नळांनी पाणीही तेथवर खेळवलेले होते. रोम असो वा फ्लॉरेन्स, झाडावरचे घर म्हणजे श्रीमंतांचे हवा खाण्याचे ठिकाण.

मग गोरगरिबांची मुले झाडावर चढत नव्हती काय? चढत होती; पण बहुधा कामासाठी. आपल्याकडे ज्वारी-बाजरी निसवली की शेतात माळा उभारतात आणि त्यावर उभे राहून गोफणीने पाखरे हाकलण्याचे काम घरातल्या पोरांवर येते. शिकाऱ्याचे मचाणही असेच कामापुरते. उंचावरची जागा मुलांना परिचित होती. ती केवळ त्यांच्या खेळासाठी बांधून द्यावी, ही कल्पना मात्र कोणाला सुचलेली दिसत नाही.

या इतिहासातला निर्णायक वळणबिंदू एका पुस्तकात आहे. बर्न शहरातील योहान डेव्हिड वीस हा स्विस धर्मोपदेशक आपल्या चार मुलांना एक लांबलचक गोष्ट सांगत असे. ‘रॉबिन्सन क्रूसो’ (१७१९) तोवर युरोपभर वाचला जात होता. वीसने एकट्या क्रूसोच्या जागी आईवडील आणि चार मुलगे असे अख्खे कुटुंब निर्जन किनाऱ्यावर नेऊन टाकले. १८१२ साली ही गोष्ट जर्मन भाषेत छापली गेली आणि ‘द स्विस फॅमिली रॉबिन्सन’ या इंग्रजी नावाने जगभर पोहोचली.

या कुटुंबाने प्रचंड वृक्षावर बांधलेल्या घराचे नाव ‘फाल्केनहोर्स्ट’, म्हणजे ससाण्याचे घरटे. झाडावर राहायला जाण्याची हौस आईची आहे आणि साशंक आहे तो बाप. उंच फांदीवर दोर कसा न्यायचा, याचीही युक्ती दिली आहे: बाणाला बारीक दोरी बांधून तो फांदीपलीकडे मारायचा, तिच्या टोकाने जाड दोर ओढून घ्यायचा आणि मग शिडी. प्लिनीच्या किस्स्यात हे घर कोणी बांधले, याचा पत्ता नाही. वीसच्या कथेत बांधणे हीच गोष्ट आहे, आणि बांधणाऱ्यांत मुले आहेत. वाचणाऱ्या पोराने मान वर करून आपल्या अंगणातल्या झाडाकडे पाहावे, एवढा तपशील त्यात भरलेला आहे.

गंमत अशी की या पुस्तकाचा पहिला मोठा लाभ पुन्हा मोठ्यांनीच उठवला. पॅरिसच्या दक्षिणेस ल प्लेसी-पिके नावाचे गाव होते. तेथे १८४८ साली जोसेफ ग्यूस्कँ याने चेस्टनटच्या झाडांवर मजले बांधून चक्क खाणावळ काढली. गिऱ्हाइके वर बसत आणि भाजलेली कोंबडी व शँपेन टोपलीत घालून कप्पीने वर ओढली जाई. शेजाऱ्यांनी नक्कल केली, स्पर्धा लागली. एकाने तर आपल्या खाणावळीला ‘रॉबिन्सनचा खरा वृक्ष’ असे नाव दिले. (आपल्या बाजारपेठांतील ‘मूळ’, ‘जुने’ आणि ‘सुप्रसिद्ध’ दुकानांची परंपरा जागतिक आहे!) या खाणावळींची कीर्ती एवढी झाली की १९०९ साली गावाचेच अधिकृत नाव ल प्लेसी-रॉबिन्सन असे बदलण्यात आले. ते आजही तेच आहे. एका काल्पनिक खलाशाचे नाव दुसऱ्या काल्पनिक कुटुंबाला आणि त्या कुटुंबाचे नाव एका खऱ्या गावाला!

मुलांच्या हाती हातोडा दिला तो अमेरिकेत. डॅनिएल कार्टर बिअर्ड हा चित्रकार आणि लेखक. १८८२ साली त्याने मुलांसाठी हस्तकौशल्याचे एक जाडजूड पुस्तक काढले आणि १९१० साली अमेरिकेतील बालवीर संघटनेच्या संस्थापकांत तो होता. १९१४च्या त्याच्या पुस्तकात झोपड्या, खोपटी, निवारे यांबरोबर झाडावरच्या घरांच्याही आकृत्या आहेत. हा काळ महत्त्वाचा आहे. १८९०च्या जनगणनेनंतर अमेरिकेत ‘सरहद्द संपली’ असे मानले जाऊ लागले होते. माणसे शहरांत लोटत होती आणि शहरातला मुलगा मिळमिळीत होत चालला आहे, अशी चिंता सुशिक्षितांना सतावत होती. खोपटे बांधणे हा त्यावरचा उतारा ठरला. ज्या मूळ रहिवाशांची भूमी हिरावली गेली, त्यांच्याच निवाऱ्यांची नक्कल करून गोऱ्या मुलांनी ‘मर्दानी’ व्हावे, हा त्यातला विरोधाभास बिअर्डच्या पिढीला फारसा खुपलेला दिसत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर उपनगरे पसरली आणि प्रत्येक घराला परसू आले. येथे एक अडचण होती. न्यूयॉर्कजवळील लेव्हिटाउन १९४७पासून बटाट्याच्या शेतांवर उभे राहिले. तेथे लावलेली रोपे पोराचे वजन पेलण्याजोगी व्हायला वर्षे जाणार होती. स्वप्न आधी आले, झाड मागाहून. मधली पोकळी पडद्याने भरली. १९३६च्या टारझनपटातल्या वृक्षगृहात हत्तीने ओढायचा पाळणा होता. १९६०मध्ये डिस्नेने वीसच्या कथेवर चित्रपट काढला आणि १९६२मध्ये डिस्नेलँडमध्ये ते घर उभारले. तेथला वृक्ष मात्र पोलाद आणि काँक्रीटचा.

‘आदिम मानव झाडावर राहत असे’ हे वाक्य या विषयावरील बहुतेक लेखनात येते. त्याच्या पुराव्यादाखल पापुआमधील कोरोवाई लोकांची गगनचुंबी घरे दाखवतात. कोरोवाई उंचावर घरे बांधतात हे खरे. पण २०११ साली बीबीसीच्या एका माहितीपटात दिसलेले अतिउंच घर चित्रीकरणासाठी बांधवून घेतलेले होते, अशी कबुली त्या संस्थेला २०१८मध्ये द्यावी लागली. तेव्हा असे छायाचित्र पुढे धाडण्यापूर्वी दोन क्षण थांबावे.

आता थोडे झाडाविषयी, कारण या साऱ्या इतिहासात त्याला कोणी विचारले नाही. पहिला गैरसमज: झाड वाढते तसे त्यावरचे घरही उंच जाते. तसे होत नाही. झाडाची उंची शेंड्यांकडून वाढते. खोडात पाच फुटांवर मारलेला खिळा पन्नास वर्षांनीही पाच फुटांवरच असतो. खोड वाढते ते जाडीने. म्हणूनच खोडाभोवती करकचून बांधलेला दोर किंवा तार कालांतराने सालीत रुतते आणि अन्नरस वाहून नेणारा मार्गच आवळते.

दुसरा गैरसमज: खूप खिळे म्हणजे खूप मजबुती. अमेरिकेच्या वनखात्यातील अ‍ॅलेक्स शिगो याने असंख्य झाडे उभी चिरून जखमांचा अभ्यास केला आणि १९७०च्या दशकात एक सिद्धान्त मांडला. झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. झाड तिच्याभोवती भिंती घालून तो भाग कोंडून टाकते. जवळजवळ मारलेल्या वीस खिळ्यांच्या जखमा एकमेकींना मिळून मोठा निर्जीव पट्टा तयार होतो. त्यापेक्षा एकच जाडजूड बोल्ट झाडाला अधिक मानवतो. तुळईचे एक टोक पक्के आणि दुसरे सरकते ठेवायचे, म्हणजे वाऱ्याने खोडे डोलताना घर फाटत नाही. ऑरेगनमधील मायकेल गार्नियर याने नव्वदच्या दशकात अशा जोडांत मोठी सुधारणा केली. झाडावरच्या खोल्या भाड्याने देण्यास स्थानिक अधिकारी परवानगी देईनात, तेव्हा त्याने साठहून अधिक माणसे, सोबत कुत्री आणि एक मांजर एकाच वेळी झाडावर चढवून भार पेलतो हे दाखवले. त्यानंतरही परवानगीचे भांडण वर्षानुवर्षे चालले.

बोल्ट सुधारले, पण त्याबरोबर सुतार, अभियंता आणि अंदाजपत्रकही आले. घर पुन्हा मोठ्यांच्या हाती गेले. मुलांसाठी मोठ्यांनी बांधलेली घरे आपल्याकडेही आहेत. मुंबईच्या कमला नेहरू पार्कातला ‘म्हातारीचा बूट’ पिढ्यान्‌पिढ्यांचा लाडका आहे, पण त्यात मुलाला करण्यासारखे एवढेच: चढायचे, डोकवायचे, उतरायचे.

नेमके हेच डेन्मार्कच्या एका उद्यानरचनाकाराला खटकले होते. कार्ल थिओडोर सोरेन्सन याने अनेक सुबक क्रीडांगणे आखली आणि मुले तेथे न रमता शेजारच्या अर्धवट बांधकामांवर, विटा-फळ्यांच्या ढिगांत रमतात, असे त्याच्या ध्यानात आले. १९३१च्या आपल्या पुस्तकात त्याने भंगाराच्या क्रीडांगणाची कल्पना मांडली. ती प्रत्यक्षात आली ऑगस्ट १९४३मध्ये, जर्मन फौजांच्या ताब्यातील कोपनहेगनमध्ये. एम्ड्रुप येथील कामगार वसाहतीत एक मोकळी जागा बांध घालून बंदिस्त करण्यात आली. आत ना घसरगुंडी, ना झोपाळा. फळ्या, विटा, माती, दोर, चाके, खिळे, हातोडे आणि फावडी. देखरेखीला जॉन बर्टेलसन. पूर्वी खलाशी, नंतर बालशिक्षक. त्याने साहित्य आणून द्यायचे, अवजारे वापरायला शिकवायचे, पण काय बांधायचे ते सांगायचे नाही, असा दंडक. मुलांनी गुहा खणल्या, घरे उभारली, पाडली, पुन्हा उभारली. बांध घातला तो मुख्यतः शेजाऱ्यांच्या डोळ्यांना हा पसारा दिसू नये म्हणून. आपण घडवलेल्या सर्व जागांत ही सर्वांत कुरूप आणि तरीही आपल्या लेखी सर्वांत सुंदर, असे सोरेन्सनने पुढे म्हटले आहे.

दिवाळीत किल्ला करणाऱ्या मराठी मुलाला एम्ड्रुप परके वाटणार नाही. अंगणाचा कोपरा, विटांचे तुकडे, गोणपाट, कालवलेली माती, वर पेरलेले अळीव. बुरूज ढासळला तर पुन्हा लिंपायचा. प्लास्टरचा तयार किल्ला बाजारातून आणला, तर मावळे मांडण्याखेरीज काम उरत नाही. सोरेन्सनची तक्रार याहून वेगळी नव्हती.

१९४६ साली लेडी मार्जरी अ‍ॅलन ही ब्रिटिश उद्यानरचनाकार एम्ड्रुपला येऊन गेली. लंडन तेव्हा बाँबने उद्ध्वस्त झालेल्या जागांनी भरलेले होते, आणि मुले त्या ढिगाऱ्यांत खेळतच होती. या जागा त्यांनाच का देऊ नयेत, असा प्रश्न तिने ‘पिक्चर पोस्ट’ या साप्ताहिकातून जाहीरपणे विचारला. १९४८मध्ये कँबरवेल येथे असे पहिले क्रीडांगण उघडले. काही वर्षांतच ते बंद पडले. जमीन तात्पुरती, पैसा अपुरा आणि शेजाऱ्यांच्या तक्रारी भरपूर. तरी नव्या जागा मिळत गेल्या आणि ‘भंगार’ हा शब्द अधिकाऱ्यांच्या कानाला बोचतो म्हणून ‘साहस क्रीडांगण’ असे नवे नाव रूढ झाले. पडून हात मोडला तर जबाबदार कोण, हा प्रश्न तेव्हाही विचारला जाई. हातपाय मोडण्याहून मुलाची उमेद मोडणे वाईट, अशी अ‍ॅलनची भूमिका होती आणि ती तिने अखेरपर्यंत सोडली नाही.

अ‍ॅलनच्या १९६८च्या पुस्तकाचा जपानी अनुवाद एका दांपत्याने केला. त्यांच्या आणि शेजाऱ्यांच्या खटपटीतून १९७९मध्ये टोकियोच्या सेतागाया भागात हानेगी उद्यानात असे क्रीडांगण सुरू झाले. मुले तेथे आजही करवत चालवतात, शेकोटी पेटवतात, फळ्यांचे मजले चढवतात. प्रवेशाशी असलेल्या पाटीचा आशय एवढाच आहे: आपल्या जबाबदारीवर मोकळेपणाने खेळा.