मार्पोल करार

मार्पोल : जहाजांमुळे होणारे समुद्राचे आणि हवेचे प्रदूषण रोखण्यासाठी राष्ट्रांनी आपसांत केलेला करार. तो २ नोव्हेंबर १९७३ रोजी लंडनमध्ये संमत झाला, १७ फेब्रुवारी १९७८ च्या पूरक कराराने दुरुस्त झाला आणि २ ऑक्टोबर १९८३ पासून अंमलात आला. संयुक्त राष्ट्रांची आंतरराष्ट्रीय सागरी संघटना, म्हणजेच आयएमओ, त्याचा कारभार पाहते. भारत या करारात १९८६ साली सामील झाला. मूळ करारपत्र लहान आहे. प्रत्यक्ष नियम त्याच्या सहा परिशिष्टांत आहेत : तेल, घातक द्रवरसायने, डब्यापिंपांतून जाणारा धोकादायक माल, सांडपाणी, कचरा आणि हवेचे प्रदूषण. पहिली दोन परिशिष्टे प्रत्येक सदस्य राष्ट्राला बंधनकारक आहेत, उरलेली चार स्वीकारायची की नाही हे ते राष्ट्र ठरवते.

हे नियम दोन जातींचे आहेत. काही गोदीत पाळायचे असतात : जहाज बांधताना त्याचा तळ, टाक्या, इंजिन कसे असावे याचे. काही भर समुद्रात पाळायचे असतात : काय टाकावे, किती टाकावे, किनाऱ्यापासून किती दूर टाकावे आणि त्याची नोंद कुठे करावी याचे. गेल्या चार दशकांचा अनुभव असा, की समुद्र वाचवला तो मुख्यतः पहिल्या जातीच्या नियमांनी. जे पोलादात उतरले ते टिकले. जे नोंदवहीवर सोपवले त्याच्यामागे सतत पहारा ठेवावा लागला.

पूर्वपीठिका : पूर्वी तेलवाहू जहाज माल उतरवून परत निघाले, की हलके झालेले जहाज लाटांवर तोलून धरण्यासाठी तेलाच्या रिकाम्या टाक्यांतच समुद्राचे पाणी भरत. पुढच्या बंदराआधी हे तेलकट पाणी समुद्रात सोडून टाक्या धुतल्या जात. अपघात न होताही प्रत्येक फेरीला तेल समुद्रात जाई आणि ही रोजचीच रीत होती. १९५४ च्या लंडन परिषदेने किनाऱ्यालगतच्या पट्ट्यात, साधारणपणे ५० सागरी मैलांच्या आत, असे पाणी सोडण्यास मनाई केली. पण त्यापलीकडे पाहायला कोणी नव्हते. तेल कंपन्यांनी स्वतःहून एक सुधारणा केली. धुतलेले पाणी एका टाकीत साठवायचे, वर तरंगणारे तेल ठेवून खालचे पाणी सोडायचे आणि उरलेल्या तेलावरच पुढचा माल भरायचा. यात तेलाची बचत होती, म्हणून ही पद्धत पसरली.

१८ मार्च १९६७ रोजी ‘टॉरी कॅनियन’ हे लायबेरियाच्या ध्वजाखालचे टँकर इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाजवळच्या सेव्हन स्टोन्स खडकांवर आदळले. सुमारे १,१९,००० टन कच्चे तेल समुद्रात गेले. तेल जाळून टाकण्यासाठी ब्रिटिश विमानांनी जहाजावर बॉम्ब टाकले आणि तवंग विरघळवण्यासाठी जी रसायने फवारली त्यांनी किनाऱ्यावरचे जीव तेलापेक्षा जास्त मारले. जबाबदार कोण, भरपाई किती आणि परक्या ध्वजाच्या जहाजावर किनारी देशाचा अधिकार काय, यांतल्या एकाही प्रश्नाचे उत्तर तेव्हाच्या कायद्यात नव्हते. भरपाईचा प्रश्न १९६९ च्या दायित्व कराराने हाती घेतला, प्रतिबंधाचा १९७३ च्या मार्पोलने.

मार्पोल मात्र कागदावरच राहिला. तो लागू होण्यासाठी जगातील व्यापारी जहाजांच्या निम्म्या टनभाराची मालकी असलेल्या किमान १५ राष्ट्रांची संमती हवी होती आणि रसायनांचे दुसरे परिशिष्ट अनेकांना जड वाटत होते. १९७६-७७ च्या हिवाळ्यात अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ टँकर-अपघातांची रांग लागली. तेव्हा १९७८ मध्ये नवी परिषद भरवून दुसऱ्या परिशिष्टाला मुदत दिली गेली आणि टँकरचे नियम कडक केले गेले. परिषद संपून महिना होतो न होतो तोच ‘अमोको कादिझ’ ब्रिटनीच्या किनाऱ्यावर फुटले आणि २,२३,००० टन तेल वाहून गेले.

जहाजबांधणीवरील नियम : १९७८ च्या नियमांनुसार २०,००० टनांवरच्या नव्या कच्च्या तेलाच्या टँकरमध्ये बॅलास्टच्या, म्हणजे तोल राखण्याच्या पाण्याच्या, टाक्या तेलाच्या टाक्यांपासून कायम वेगळ्या ठेवणे सक्तीचे झाले. तेल आणि पाण्याचे नळच वेगळे झाल्यावर बॅलास्टसोबत तेल सोडण्याचा मोहही राहिला नाही. टाक्या धुण्यासाठी पाण्याऐवजी कच्च्या तेलाचेच फवारे वापरण्याची पद्धतही तेव्हाच आली. भिंतींवर चिकटलेला गाळ तेलात विरघळून मालासोबत उतरतो आणि धुवण मागे उरत नाही. मार्पोलमधील ही सर्वांत मोलाची तरतूद, पण बातम्यांत ती क्वचितच येते.

२४ मार्च १९८९ रोजी अलास्कात ‘एक्सॉन वाल्डीझ’ खडकावर चढले आणि सुमारे ३७,००० टन तेल सांडले. अमेरिकेने पुढच्याच वर्षी स्वतःचा कायदा करून दुहेरी कवचाची सक्ती केली आणि १९९२ मध्ये मार्पोलनेही तेच पाऊल उचलले. ६ जुलै १९९३ नंतर मागणी नोंदवलेल्या ५,००० टनांवरील टँकरना दोन कवचे हवीत. मोठ्या टँकरमध्ये तळाच्या दोन पत्र्यांत सुमारे २ मीटर अंतर असते आणि बाहेरचा पत्रा फाटला तरी तेल आत राहते. जुन्या एकेरी टँकरना आधी लांब मुदत होती. १९९९ मध्ये ‘एरिका’ आणि २००२ मध्ये ‘प्रेस्टिज’ बुडाल्यावर युरोपच्या आग्रहाने ती आखूड झाली. १९७० च्या दशकात ७०० टनांहून मोठी तेलगळती वर्षाला सरासरी २४ वेळा होत असे, २०१० च्या दशकात ती वर्षाला दोनहून कमी झाली. दरम्यान समुद्रमार्गे जाणारे तेल मात्र वाढले.

या जातीच्या नियमांची उणीव एकच, पण मोठी आहे. ते नव्या जहाजांना लागू होतात आणि जहाज वीस-तीस वर्षे चालते. मुंबईने हे ७ ऑगस्ट २०१० रोजी अनुभवले. बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ यांची टक्कर झाली. चित्रा कंटेनर जहाज होते. त्यातून सुमारे ८०० टन तेल सांडले, ते मालाचे नव्हे तर इंजिनाच्या इंधनाचे होते. कंटेनर पाण्यात पडले, त्यांत कीटकनाशकेही होती. मुंबई आणि जवाहरलाल नेहरू बंदरांची वाहतूक थांबली, खारफुटीच्या मुळांवर तेल बसले, मासेमारी बंद पडली. टँकर नसलेल्या जहाजांच्या इंधनटाक्यांनाही कवचाचे संरक्षण हवे, हा मार्पोलचा नियम १ ऑगस्ट २०१० पासून सुपूर्द होणाऱ्या जहाजांना लागू झाला होता, म्हणजे टकरीच्या सहा दिवस आधी. चित्रा तीस वर्षांपूर्वी बांधलेले होते.

समुद्रातील वर्तनाचे नियम : इंजिनघराच्या तळाशी साचणाऱ्या तेलमिश्रित पाण्याला जहाजावर ‘बिल्ज’ म्हणतात. ते गाळणयंत्रातून काढून, दहा लाख भागांत तेलाचे १५ भाग किंवा त्याहून कमी उरले तरच समुद्रात सोडता येते. टँकरच्या धुवणाला वेगळा हिशेब आहे : किनाऱ्यापासून ५० सागरी मैलांपलीकडे, जहाज चालते असताना आणि मैलाला ३० लिटरपेक्षा जास्त तेल नाही. प्रत्येक वेळ तेल-नोंदवहीत लिहायची आणि वही तीन वर्षे जपायची.

गाळणयंत्र चालवायला वेळ लागतो, त्याचे भाग महाग असतात आणि गाळ बंदरात उतरवण्याचे पैसे पडतात. म्हणून काही जहाजांवर यंत्राला वळसा घालणारा नळ जोडतात आणि तपासणीआधी काढून ठेवतात. खलाशांच्या बोलीत त्याला ‘मॅजिक पाइप’ म्हणतात. २०१३ मध्ये ‘कॅरिबियन प्रिन्सेस’ या प्रवासी जहाजावर नव्याने रुजू झालेल्या एका इंजिनिअरने असा नळ पाहिला आणि साउदॅम्प्टनला उतरून अधिकाऱ्यांना कळवले. कंपनीने अमेरिकेत गुन्हा कबूल केला आणि २०१६ मध्ये ४ कोटी डॉलर दंड भरण्यास संमती दिली. अमेरिकी कायद्यात दंडाच्या अर्ध्यापर्यंत रक्कम खबर देणाऱ्याला देण्याची सोय आहे. खटला सहसा समुद्रातल्या तेलावरून उभा राहत नाही, बंदरात खोटी वही दाखवल्यावरून उभा राहतो. खालच्या श्रेणीचा नोकर नोकरी पणाला लावतो तेव्हाच बहुतेक वेळा सत्य बाहेर येते, हे या व्यवस्थेबद्दल बरेच काही सांगते.

अंमलबजावणीची पहिली जबाबदारी ध्वजराष्ट्राची, म्हणजे जहाज जिथे नोंदवलेले त्या देशाची. पण पनामा, लायबेरिया, मार्शल बेटे यांच्या नोंदणीत असलेली असंख्य जहाजे त्या देशांचे किनारे कधी पाहतही नाहीत. म्हणून बंदरराष्ट्राची तपासणी महत्त्वाची ठरली. अमोको कादिझच्या अपघातानंतर युरोपीय देशांनी १९८२ मध्ये पॅरिस सामंजस्य करार केला आणि सदोष जहाज बंदरात अडवून ठेवायला सुरुवात केली. हिंदी महासागरातील देशांचा असाच करार १९९९ पासून चालू आहे आणि त्याचे सचिवालय गोव्यात आहे. भारतात हे काम नौवहन महासंचालनालयाकडे आहे. त्याचे मुख्यालय मुंबईत आहे.

गोव्याच्या किनाऱ्यांवर मान्सूनच्या तोंडावर डांबराचे गोळे येऊन पडतात. समुद्रात सांडलेल्या तेलातले हलके अंश उडून गेले की मागे हाच गाळ उरतो. भूमध्य, बाल्टिक, काळा समुद्र, अंटार्क्टिक अशी काही क्षेत्रे मार्पोलने ‘विशेष क्षेत्रे’ ठरवली आहेत, तेथे टँकरचे धुवण सोडताच येत नाही. अरबी समुद्राचा ओमानकडचा पट्टा त्या यादीत आहे, भारताचा पश्चिम किनारा नाही. आखातातून निघालेले तेल याच पाण्यातून पूर्वेकडे जाते हे लक्षात घेता ही त्रुटी गंभीर आहे.

सांडपाणी आणि कचऱ्याचे नियम त्या मानाने सरळ आहेत. प्रक्रिया न केलेला मैला १२ सागरी मैलांच्या आत सोडता येत नाही. प्लास्टिक जगात कुठल्याही समुद्रात टाकायचे नाही. २०१३ पासून तर ठरावीक अपवाद सोडता कोणताही कचरा टाकण्यास बंदी आहे.

हवा आणि कर्ब : जहाजे शुद्धीकरण कारखान्यातला तळाचा, जाड आणि गंधकाने भरलेला अवशेष इंधन म्हणून जाळत. १९९७ मध्ये संमत होऊन १९ मे २००५ पासून लागू झालेल्या सहाव्या परिशिष्टाने इंधनातील गंधकाची मर्यादा आधी ४.५ टक्के, २०१२ पासून ३.५ टक्के आणि १ जानेवारी २०२० पासून ०.५ टक्के केली. बाल्टिक, उत्तर समुद्र, उत्तर अमेरिकेचे किनारे आणि मे २०२५ पासून भूमध्य येथे ती ०.१ टक्के आहे. नियमाने एक पर्यायही ठेवला : स्वस्त इंधन जाळा, पण धूर पाण्याने धुऊन सोडा. अनेक मालकांनी चिमणीत धूरधुलाई यंत्रे बसवली. त्यांतल्या उघड्या पद्धतीच्या यंत्रांचे आम्ल पाणी थेट समुद्रात जाते, म्हणजे हवेतले प्रदूषण पाण्यात हलते. सिंगापूर आणि फुजैरा या बंदरांनी अशा पाण्यावर बंदी घातली. पोलादात उतरलेला नियमही फसू शकतो, याचे हे ठळक उदाहरण.

जगाच्या हरितवायू उत्सर्जनात नौवहनाचा वाटा २०१८ मध्ये सुमारे २.९ टक्के होता. २०१३ पासून नव्या जहाजांना ऊर्जाकार्यक्षमतेचा निर्देशांक बंधनकारक झाला : एक टन माल एक मैल नेताना किती ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, याची मर्यादा. त्यामुळे जहाजाच्या नाकाचे आकार बदलले, पंखे मोठे झाले, इंजिने लहान झाली. वादळात सुकाणू सांभाळण्याइतकी ताकद उरेल का, ही नाविकांची शंका रास्त ठरली आणि किमान शक्तीचे निकष घालावे लागले. २०२३ पासून चालू जहाजांनाही दरवर्षी ‘अ’ ते ‘इ’ अशा पाच श्रेणी मिळतात. त्याच वर्षी आयएमओने २०५० च्या सुमारास निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट स्वीकारले. त्यासाठी उत्सर्जनावर आकार लावणारी चौकट ऑक्टोबर २०२५ मध्ये मताला येणार होती, ती बैठक एका वर्षाने पुढे ढकलली गेली.

संलग्न करार : जहाजाच्या तळावर शंख-शिंपले चिकटू नयेत म्हणून लावलेल्या ट्रायब्युटिल टिन या कथिलयुक्त रंगाने फ्रान्समधील आर्काशों उपसागरातील कालवांची शेती जवळजवळ बुडवली. त्यावर २००१ च्या कराराने बंदी आली. बॅलास्ट पाण्यातून परके जीव बंदरोबंदरी पोचतात, झेब्रा शिंपला अमेरिकेच्या महासरोवरांत असाच गेला. २००४ चा बॅलास्ट करार ८ सप्टेंबर २०१७ ला लागू झाला. तयारीच्या काळात आयएमओने जगातील सहा बंदरांत प्रात्यक्षिक प्रकल्प राबवला. त्यांत मुंबई होते आणि तिथल्या पाण्यातील जीवांची पाहणी दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने केली.

जहाज मोडण्याचा हाँगकाँग करार २००९ मध्ये झाला, पण २६ जून २०२५ रोजी लागू झाला. भारताने २०१९ मध्ये तो स्वीकारला आणि स्वतंत्र कायदाही केला. गुजरातेतील अलंग येथे १९८३ पासून भरतीच्या पाण्याने जहाज किनाऱ्यावर चढवून मोडतात, मुंबईत हेच काम दारूखान्यात चाले. आता प्रत्येक नव्या जहाजाला बांधणीपासूनच अ‍ॅस्बेस्टॉससारख्या घातक द्रव्यांची यादी बाळगावी लागते, म्हणजे तोडणाऱ्या कामगाराला आपण कशाला हात लावतो ते कळेल.

प्लास्टिकच्या कच्च्या मालाचे दाणे मात्र अद्याप बंधनकारक नियमाबाहेर आहेत. २०२१ मध्ये कोलंबोजवळ ‘एक्स-प्रेस पर्ल’ जळाले आणि २५ मे २०२५ रोजी कोचीजवळ ‘एमएससी एल्सा-३’ बुडाले. दोन्ही वेळा मसुराएवढे पांढरे दाणे मैलोन्‌मैल किनाऱ्यावर पसरले. एल्साचे दाणे तिरुवनंतपुरमपर्यंत पोचले. असे कंटेनर मजबूत वेष्टनात, शक्यतो डेकखाली ठेवावेत, असे आयएमओने २०२४ मध्ये सुचवले, पण ती सूचना आहे, सक्ती नाही.